किरणांचा भार मोजणारी

चिखलीतल्या आमच्या शेजारणीची लेक सुटीत आली की माणसांचे चेहरे नंतर बघते, आधी सडा टाकलेल्या ओल्या अंगणात पावलं किती खोल उमटलीत ते बघते. "आजी, आज पिशवी भरलेली होती ना?" असं विचारते.

अवकाशातून येणाऱ्या किरणांचा भार मोजते म्हणाली, तेव्हा मी विचारलं, "मंग काटा कुठी टांगतं वं?" सोळाव्या वर्षी मी असं विचारलं नसतं, तेव्हा मला सगळंच येत होतं.

"वजन नाही आजी, विजेचा भार. हे किरण म्हणजे बारीक कणच. खाली येईस्तोवर ते हवेत फुटतात, म्हणून उपग्रहावरच मोजतो. भार जास्त, तितकी खूण ठळक."

परवा तिला उपग्रहाच्या नोंदींत भलतीच ठळक खूण सापडली. इतका भार असलेला कण अजून कोणाला दिसलाच नव्हता म्हणे. तिने पेढेही वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अंगणातलं एक खोल पाऊल पाहून म्हणाली, "एवढं जड कोण आलं?"

"तुह्या मायच्या पावलावर माहा पाय पडला. मले जड म्हणतं का?"

ती हसता हसता थांबली. लगेच सोबत काम करणाऱ्यांना फोन लावून सांगितलं, "ती खूण पुन्हा तपासा. दोन कण एकाच जागेतून गेले असतील."

संध्याकाळी कळलं, दोनच होते.

"वाईट वाटलं का वं?"

"हाव," माझ्या वाट्याचा पेढा खात ती म्हणाली. "पण आजी, कोणते दोन असतील?"