नव्यांसाठी राखून ठेवलेलं काम

नाव: तार्मो ह्युर्कास. वय: चौपन्न. वास्तव्य: कुओपिओ, फिनलंड. व्यवसाय: दुग्धशाळेच्या गोदामातील संगणकांची देखभाल. मानद पद: 'ताउलु' या ओपन सोर्स प्रकल्पाचे प्रमुख व नवागतांचे अधिकृत मार्गदर्शक. विशेष अर्हता: संयम. सदर अर्हतेची नोंद प्रकल्पाच्या संकेतस्थळावर छायाचित्रासह आहे. मजकूर स्वतः प्रमुखांनीच लिहिलेला असल्याने तो अधिकृत समजावा.

ताउलु म्हणजे बसथांब्यांवरच्या पाट्या चालवणारा प्रोग्राम. पुढची बस कुठे जाणार आणि किती मिनिटांत येणार, एवढंच तो सांगतो. त्याचा कोड सर्वांना खुला. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा आणि सुधारणा तार्मोकडे पाठवावी. पगार कुणालाच नाही, त्यामुळे मानापमान भरपूर.

तार्मोला स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं. पंचविशीत त्याने दुसऱ्याच एका प्रकल्पाला आपली पहिली सुधारणा पाठवली, तेव्हा उत्तरादाखल एकच शब्द आला होता: 'नको.' तो शब्द त्याने वर्षानुवर्षं चघळला आणि हाती स्वतःचा प्रकल्प आल्यावर नव्यांसाठी नऊ पानी नियमावली लिहून काढली. त्यातला चौथा नियम असा, की सोप्या कामांवर 'नव्यांसाठी' अशी खूण करून ती बाजूला ठेवावीत आणि कितीही हात शिवशिवले तरी जुन्या माणसांनी त्यांना शिवू नये. नव्याला महिना लागला तर लागू द्यावा.

ऑगस्टात विल्या केत्तोला आली. वय सव्वीस, कुओपिओतल्याच शहर बसची ड्रायव्हर. तिने उचललेलं काम खूण केलेलंच होतं. फिनिश नावं मालगाडीच्या डब्यांसारखी एकाला एक जोडत जातात आणि पाटीवर जागा जेमतेम अठरा अक्षरांची. शेवटच्या थांब्याचं नाव लांब असलं की ते वाटेल तिथे तुटायचं. ते शहाण्यासारखं तुटावं, एवढंच करायचं होतं.

'मला कोड फारसा येत नाही. चालेल?' तिने लिहिलं.

'सावकाश होऊ दे. इथे घाई कुणालाच नाही,' तार्मोने उत्तर दिलं. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते नियमावलीतही घातलं.

पहिल्या आठवड्यात तिने दोन प्रश्न विचारले. पुढे दोन आठवडे काही नाही. तिसऱ्या शनिवारी तार्मोने सौना, म्हणजे घरची घाम काढायची लाकडी खोली, तापत ठेवला. सौना तापायला पाऊण तास लागतो आणि रिकामा बसलेला तार्मो कुणी पाहिलेला नाही. दुसऱ्याच कशासाठी तरी त्याने कोड उघडला, तर नेमका तोच भाग समोर आला. अकरा ओळी, बारा मिनिटं. त्याने बदल प्रकल्पात घातला, काम आपोआप बंद झालं आणि संबंधितांना निरोप गेला: 'काम पूर्ण. धन्यवाद.' तार्मो निर्मळ मनाने घाम गाळायला आत गेला.

बाहेर आला तेव्हा विल्याचा निरोप होता. 'बघितलं. माझं बरंच झालं होतं, पण तुमचं आटोपशीर आहे. मग मी थांबते.'

कमरेला पंचा गुंडाळलेल्या तार्मोने त्या निरोपावर पसंतीचा अंगठा उमटवला.

सोमवारी रायली होन्कासालोचा फोन आला. ही निवृत्त गणित शिक्षिका. प्रकल्प तिने आणि तार्मोने मिळून सुरू केलेला.

"अंगठा?" ती म्हणाली.

"कसला अंगठा?"

"पोरगी म्हणते मी थांबते, आणि तू अंगठा देतोस. थांब बाई, उत्तम, असा?"

"मला वाटलं ती कौतुक करतेय."

"चौथा नियम कुणी लिहिला?"

"मी."

"मग वाच की कधीतरी. चांगला लिहिलायस."

गोदामातल्या शीतगृहाच्या दाराशी उभं राहूनही तार्मोच्या कानशिलांची आग थांबेना. त्याने माफीचं पत्र चार वेळा लिहिलं. दर खेपेला ते लांबत गेलं, आणि दर खेपेला त्यात स्वतःची बाजू जास्त चांगली मांडली गेली. चारही त्याने पुसली. गुरुवारी तो सरळ तिच्या बसमध्ये चढला.

"विल्या? मी तार्मो. ताउलुचा."

तिने आरशात पाहिलं. "मागे लोक खोळंबलेत. बसून घ्या."

चालत्या बसमध्ये ड्रायव्हरशी बोलायचं नसतं. पस्तीस मिनिटं तार्मो पुढच्या बाकावर हात मांडीवर ठेवून तिच्या मानेकडे बघत बसला. थांब्याथांब्यावर त्याच्या अकरा ओळी चोख चालताना दिसत होत्या. एरवी त्याला बरं वाटलं असतं.

शेवटच्या थांब्यावर सहा मिनिटांची विश्रांती होती. विल्याने थर्मासमधून कॉफी ओतली.

"माफी मागायला आलोय," तो म्हणाला.

"कशाची? पाटी तर सुधारली."

"ते काम तुझं होतं."

"मी तीन आठवडे घोळ घालत बसले होते. तुम्ही सौना तापेपर्यंत उरकलंत. रायलीबाईंनी सांगितलं."

"कुठवर आलं होतं तुझं?"

तिने पिशवीतून वही काढली. सुट्टीच्या दिवशी सायकलवरून एक्केचाळीस थांबे पालथे घालून तिने लिहून ठेवलं होतं, की कुठल्या पाटीवर काय दिसतं आणि उभी असलेली माणसं त्यातून काय समजतात. एका पानावर दोन नावांभोवती गोल होता.

"ही शाळा, हा दवाखाना. तुमच्या पद्धतीने तोडलं की दोन्ही सारखीच दिसतात. काल एक आजोबा दवाखाना समजून चढले आणि शाळेपाशी उतरले. मोतीबिंदू दाखवायला निघाले होते."

"मग कळवायचं नाही का?"

"काम बंद झालं होतं ना. वर धन्यवादही होते."

"मी माझा बदल मागे घेतो. काम पुन्हा उघडतो. तू कर, मी बोटही लावणार नाही."

"म्हणजे बुजवलेला खड्डा तुम्ही उकरणार, मी तो बुजवणार, आणि तुम्ही काठावर उभं राहून शाबास म्हणणार."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. राग नाही मला. रोज त्याच पाट्यांसमोरून जाते, वाटलं होतं यातली एक तरी माझ्यामुळे नीट होईल." तिने वही त्याच्या हातात दिली. "घ्या. तुमचं लवकर होतं."

त्याने ती घेतली. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

"पुन्हा येशील?"

"बघू," ती म्हणाली आणि कप झटकला. "एक मिनिट उरलंय. उतरताय की परत तिकीट काढताय?"

परत जायला तेवढी एकच बस होती. पण आणखी पस्तीस मिनिटं त्या मानेकडे बघायची छाती त्याला झाली नाही. तो चालत निघाला.

वहीबरहुकूम दुरुस्ती करायला त्याला दोन संध्याकाळी लागल्या. कर्ता म्हणून त्याने विल्याचं नाव घातलं. 'तुमची सुधारणा स्वीकारली आहे,' असा निरोप तिला आपोआप गेला. तिचं उत्तर आलं नाही.

"नाव दिलंस ते बरं केलंस," रायली म्हणाली.

"तिने केलं नाही ते तिच्या नावावर टाकलं," तार्मो म्हणाला. "हेही मीच करून टाकलं."

नोव्हेंबरात मार्गदर्शनाचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर टाकायचा होता. त्यासाठी तार्मोने नवागतांची जुनी यादी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. सहा वर्षांत नऊ नवे लोक आले होते. दुसरी सुधारणा त्यांतल्या एकानेही पाठवली नव्हती.