पेशकारकाकांच्या दोन वाट्या

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. गिरणीत बसणाऱ्याच्या भुवयांवर जसं पीठ बसतं, तसं शेजारणीच्या अंगावर शेजारच्या घरातलं बसत जातं. झटकलं तरी निघत नाही. मुकुंदवाडीत आमच्या आणि पेशकारकाकांच्या घरात एकच भिंत, आणि पुढचा ओटा दोघांत मिळून एक. त्या ओट्यावर मी बावीस वर्षं भाज्या निवडल्या. गल्लीतल्या बाया म्हणतात, सुमनबाईला दुसऱ्याच्या घरात डोकवायची लई सवय. व्हय, आहे. पण ओटाच एक असल्यावर माणसानं मान तरी किती वळवायची?

काका कोर्टात पेशकार होते. साहेबापुढं फायली ठेवायच्या, तारखा लावायच्या. रिटायर झाल्यावर ते प्रश्नकुंडली बघायला लागले. त्याला जन्मवेळ, जन्मगाव काही लागत नाही. माणूस ज्या घटकेला प्रश्न विचारतो, त्या घटकेचीच कुंडली मांडायची आणि उत्तर तिच्यात शोधायचं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ते ती काढायचे.

पण कोर्ट काही अंगातून गेलं नव्हतं. ग्रहांना ते साक्षीदार म्हणायचे. पुढ्यात दोन पितळी वाट्या आणि चिंचोक्यांची एक डबी. ग्रह 'होय' म्हणाला की चिंचोका डाव्या वाटीत, 'नाही' म्हणाला की उजव्या. ग्रह दुबळा असला तर अर्धाच, फोडलेला. शेवटी मोजायचे आणि फैसला द्यायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण मी बघितलेल्या एकाही प्रश्नात सगळे साक्षीदार एका बाजूनं बोलले नाहीत. एक होय म्हणणार, दुसरा नाही. तिसरा सूर्याच्या फार जवळ जाऊन अस्ताला गेलेला, तो होय म्हणाला तरी त्याचं कोण ऐकतो? मग काका चष्मा काढून म्हणायचे, "साक्ष कमजोर आहे." आणि त्यांच्या प्रत्येक उत्तराच्या शेपटाला एक 'पण' बांधलेला असायचा.

*

खुलताबादकडून एक धनगर आला होता. कळपातला चांगला दांडगा मेंढा हरवलेला. काकांनी कुंडली मांडली. तीन चिंचोके इकडं, तीन तिकडं.

धनगर म्हणाला, "व्हय का नाय, तेवढं सांगा."

काकांनी त्याला समजावलं की आज फैसला होत नाही, मंगळवारी चंद्र रास बदलतोय, तेव्हा या. मंगळवारी तो बिचारा उन्हातून आला. ह्या वेळी डावी वाटी जड! काका खुलले. म्हणाले, मेंढा जवळच आहे, सापडेल, पण शोध घ्यायला उशीर करू नका.

धनगरानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "जवळच व्हता. पलीकडच्या वस्तीवर. काल कापला त्यांनी."

"मग आधी का शोधला नाही?"

"तुमी तारीख दिल्ती ना."

*

देवगाव रंगारीचे एक शेतकरी बोरचा प्रश्न घेऊन आले. मळ्यात पाणी लागेल का? साक्षी निघाल्या अडीच विरुद्ध अडीच. काकांनी दोन चहा होईपर्यंत विचार केला आणि सांगितलं, "बोर घ्या, पण बेतानं."

त्या माणसानं ते अक्षरशः पाळलं. दोनशे फुटाला मशीन थांबवली. पुढच्या महिन्यात बांधापलीकडं त्याच्या सख्ख्या भावानं बोर घेतला, अडीचशेला पाणी लागलं.

वर्षानं तो माणूस शहरात आला तेव्हा ओट्यावर टेकला. मी विचारलं, भाऊ पाणी देतो का?

म्हणाला, "देतो की. पण बेतानं."

*

मी पण एकदा प्रश्न लावला होता. आमच्या वैशालीचं लग्न कधी जमेल? काकांनी कुंडली काढली आणि पेन्सिल खाली ठेवली. लग्नरास, म्हणजे त्या घटकेला उगवणारी रास, नुकतीच सुरू झालेली, पहिल्याच अंशात. म्हणजे म्हणे प्रश्न कच्चा आहे. अजून साक्षी काढण्यात अर्थ नाही, पिकू द्या.

मी म्हटलं, "काका, पोरगी तिशीला टेकली. अजून किती पिकवू?"

आतून काकू हसल्या. काकूंचं हसणं मी भिंतीतून ओळखायची. नंतर पाच-सहा वर्षांत ते असं कधी ऐकू आलं नाही, म्हणून हा किस्सा ध्यानात राहिला. वैशालीचं अजून जमलेलं नाही.

*

आता सतीशचं सांगते. काका-काकूंचा एकुलता एक. चिकलठाण्याला कंपनीत होता. एक दिवस त्यानं बापाला विचारलं की नोकरी सोडून मित्राबरोबर नाशिकला गॅरेज टाकू का? जेवताना विचारलं. काकांनी ताटावरूनच घड्याळ बघितलं.

मग तीन दिवस कुंडली चालली. दशमात, म्हणजे कामधंद्याच्या घरात, चांगला ग्रह, पण दुबळा. लाभात वाईट ग्रह, पण बळकट. चिंचोके या वाटीतून त्या वाटीत जायचे, अर्ध्याचा पूर्ण व्हायचा, पुन्हा अर्धा व्हायचा. सतीश कंपनीतून आला की ओट्यापाशी थांबायचा, वाट्यांकडं बघायचा आणि आत जायचा. चौथ्या दिवशी काकांनी फैसला दिला. अर्ध्या चिंचोक्यानं 'नाही'. साक्ष कमजोर आहे, पण नाहीच.

सतीश ओरडला नाही. मी भिंतीला कान लावून होते म्हणून मला ऐकू आलं, इतकं हळू बोलला. म्हणाला, "बाबा, मी ग्रहांना नव्हतं विचारलं. तुम्हाला विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो मुकुंदवाडी स्टेशनवरून गेला. महिनाभर फोन आले, ते काकूंनाच. मग नंबर बंद झाला. नाशिकला चौकशी केली तर गॅरेज मोडलेलं आणि मित्र म्हणाला, तो सुरतेकडं गेला बहुतेक.

*

काकूंना एकच गोष्ट विचारायची होती, आणि ज्याला विचारायची तो माणूस समोरच बसलेला. पण काकांचा नियम होता की नात्यातली केस आपल्यापुढं चालवायची नाही.

काकूंनी मग माणसं पेरली. कधी भाजीवालीला शिकवून बसवलं, कधी दूरच्या भाचीला. एकदा मला. मी रीतीप्रमाणे पुढ्यात सुपारी ठेवून विचारलं, माझ्या मावसबहिणीचा मुलगा घर सोडून गेलाय, तो परत येईल का?

काकांनी डबीचं झाकण उघडलं सुद्धा. मग माझ्याकडं बघून विचारलं, "सुमनबाई, मावसबहिणीच्या मुलाचं नाव सतीश आहे का?"

मी मेथी निवडायला लागले. त्यांनी झाकण लावलं. आत काकूंनी भांडं आपटलं, तेवढाच आवाज.

*

काकू माघात गेल्या. पोटाचं दुखणं होतं. सतीश आला नाही. त्याला कळलं तरी का, हे कुणाला माहीत नाही. पिंडाला कावळा शिवेना तेव्हा काकांनी हात जोडून सांगितलं, त्याला शोधतो. मी तिथंच होते. त्यांनी ह्या वेळी 'पण' लावला नाही, आणि कावळा शिवला.

आता ओट्यावर कुणी प्रश्न घेऊन येत नाही. आलं तर काका हात हलवून परत पाठवतात. सकाळी स्टेशनवर जाऊन बाकड्यावर बसतात, गाडी गेली की घरी येतात. मी डबा देते. अर्धा परत येतो.

एकच किस्सा सांगायचा राहिला. काकू जायच्या चार महिने आधीचा.

*

दवाखान्याचा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी चारचा सुमार. काका ओट्यावर पंचांग घेऊन बसलेले, मी शेंगा सोलत होते. काकू आतून आल्या. धुतलेलं लुगडं नेसलेल्या, भिंतीला धरत धरत. लोक जिथं बसायचे त्या पाटावर बसल्या. पुढ्यात सुपारी ठेवली.

"माझा मुलगा परत येईल का?"

काका म्हणाले, "नात्यातली केस आहे."

"मी पक्षकार आहे," काकू म्हणाल्या. "सुपारी ठेवलीय. वेळ बघा."

काकांनी वेळ बघितली. पत्रिकेच्या मागं कुंडली काढली. एकेक साक्षीदार पुकारायला लागले. लग्नरास स्थिर, म्हणजे गेलेला माणूस आहे तिथंच राहणार. चिंचोका उजवीकडं. मुलाचा ग्रह वक्री. वक्री म्हणजे मागं फिरलेला, म्हणजे परत येणारा. डावीकडं. चंद्र दुबळा. उजवीकडं. असं करत डावीकडं चार झाले आणि उजवीकडं सहा. अर्धा एकही नव्हता, सगळे अख्खे. काकूंना ग्रहातलं काही कळत नव्हतं, पण वाट्या त्यांनाही दिसत होत्या.

काका म्हणाले, नीट दिसत नाही, दुसरा चष्मा आणतो. आत गेले.

काकू रस्त्याकडं बघत होत्या. मी उजव्या वाटीतला एक चिंचोका उचलला आणि शेंगांच्या टरफलात टाकला. देव मला जे काही करील ते करो.

तेवढ्यात त्यांच्या गॅसवर दूध उतू गेल्याचा वास आला. मी उठून आत पळाले. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. चष्मा डोळ्यांवरच होता. उतू चाललेल्या दुधाकडं बघत होते, पण गॅस बंद केला नव्हता. मला बघून बाहेर गेले. मी गॅस बंद केला, सांडलेलं दूध पुसलं, हात धुतले आणि मागोमाग आले.

काका वाट्या पुढं ओढून मोजत होते. डावीकडं चार. उजवीकडं तीन.

"येईल," काका म्हणाले.

काकू थांबल्या. मीही थांबले. पुढचं काही आलं नाही. काकूंनी सुपारी उचलून त्यांच्या हातात दिली, भिंतीला धरून आत गेल्या आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या.

मी सातवी शिकलेली. ग्रहातलं मला काही कळत नाही. पण सहातून एक गेला तर पाच राहतात, तेवढं येतं.