बांधावरच्या देवाचा फोटो

अंजूरला आमच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड आहे. वर सूर्य-चंद्र, मधे झिजलेली अक्षरं, खाली शेंदराचा मोठा फुगवटा. आई त्या फुगवट्याला देवाचं वाहन म्हणते. पेरणीआधी दगडाला नारळ दिल्याशिवाय ती कुणाला शेतात पाय टाकू देत नसे.

शेत आता गोदामवाल्याला दिलं. सही माझीच. गेटच्या आड येतो म्हणून दगड हलवायचा, हेही मीच कबूल करून बसलो. आईला तेवढं सांगितलं नव्हतं. म्हटलं, दगड जुना निघाला तर संग्रहालयात मानाने नेतोय म्हणून सांगू. मी असलाच चालू माणूस.

भिवंडीत माझं पॉवरलूमच्या पार्टचं दुकान. दुपारी लाईट गेली की लूम बंद, गिऱ्हाईकही बंद. तेव्हा मोबाइलवर तसले जुने दगड शोधायचो. ताम्रपट, नाणी, कुठल्या कुठल्या राजांचे लेख, सगळं फुकटात उघडं. इतिहासात काठावर पास झालेला मी जेवायचं विसरलो. तिसऱ्या दिवशी शिलालेखांच्या एका संग्रहात हुबेहूब आमचा देव सापडला. फक्त त्याला शेंदूर नव्हता, आणि खाली फुगवट्याच्या जागी एक बाई आणि गाढव कोरलेलं होतं.

शेजारी खुलासा होता. याला गधेगाळ म्हणतात. दान दिलेली जमीन सूर्य-चंद्र असेतो टिकावी, आणि जो ते दान मोडेल त्याच्या आईला गाढव लागो, अशी दगडावरची शिवी. म्हणजे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिवीला नारळ फोडत होतो. एकटाच हसलो. मग सही आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. सही माझी, शिवी आईला.

संध्याकाळी तिला फोटो दाखवला, खालचा भाग अंगठ्याने झाकून.

"काय लिवलाय रं?"

"सूर्य-चंद्र असेपर्यंत जमीन राखावी."

तिने पदर सावरून मोबाइललाच हात जोडले. "राखणदारच हाय तो. मंग जमीन देताना त्याला इचारलास का?"

"न्हाय."

ती उठून ताटं वाढायला गेली. मला जेवण गेलं नाही.

सकाळी गोदामवाल्याला फोन केला, गेट सरकवा, दगड हलणार नाही. तो वैतागला. "अरे भाई, पत्थर ही तो है."

"सेठ," मी म्हटलं, "मेरी माँ का सवाल है."