अकरा शब्द

बाबांनी निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा क्रिप्टोत, त्या इंटरनेटवरच्या आभासी चलनात, घातलाय हे कळलं, तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते. हरसूलच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. सोसायटीच्या वर्गणीची पावतीसुद्धा तीनदा वाचणारा. आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मला सांगतो, बँक नको, मॅनेजर नको, आपली तिजोरी आपल्याच खिशात! मी म्हटलं, बँकेत घोळ झाला तर काउंटरवर जाऊन भांडता तरी येतं, इथे कुणाशी भांडणार? बाबा हसले. बारा शब्द जपून ठेवले की झालं, म्हणाले.

हे बारा शब्द म्हणजे त्या तिजोरीची किल्ली. अ‍ॅप सुरू करताना ते बारा साधे इंग्रजी शब्द देतं, क्रमाने. फोन हरवला तर नव्या फोनला तेच शब्द सांगायचे, की सगळं परत मिळतं. शब्द दुसऱ्या कुणाला कळले, तर तिजोरी त्याची. आणि तुम्हीच विसरलात, तर कुणाचीच नाही. दार ठोठावलं तरी उघडायला आत कुणी बसलेलंच नसतं.

त्या शनिवारी सकाळी द्वारका चौकात रिक्षातून उतरताना बाबांच्या हातून फोन पडला आणि मागून येणाऱ्या टेम्पोखाली गेला. सिमकार्ड तेवढं वाचलं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी ठरलं होतं आणि त्याचा सगळा खर्च बाबा त्या तिजोरीतून काढणार होते. मी देते म्हटलं होतं, तर त्यांना राग आला होता. बायकोच्या ऑपरेशनचं मी बघतो, तू मध्ये पडू नकोस, म्हणाले होते.

मी गंगापूर रोडला त्यांच्या घरी पोचले तेव्हा बाबा नव्या फोनपुढे बसले होते. समोर आईच्या अक्षरातला कागद. बाबांचा उजवा हात थरथरतो, त्यामुळे वाणसामानाच्या यादीपासून सगळं लिहायचं काम आईकडे असतं. हेही त्यांनी मोठ्याने वाचलं होतं आणि तिने ऐकू येईल तसं देवनागरीत उतरवलं होतं. रिव्हर, टोमॅटो, लॅडर, एका ओळीत एक शब्द. अ‍ॅप बारा रकाने दाखवत होतं आणि कागदावर शब्द होते अकरा. मी बोट ठेवून मोजले. मग उलटे मोजले. अकराच!

बाबा म्हणाले, घाबरू नकोस, एक भला माणूस मदत करतोय. तेव्हा मला कळलं की मी यायच्या आधी त्यांनी मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये आपली अडचण टाकली होती, आणि तिथल्या एका ‘मदतनिसाने’ मागितला म्हणून कागदाचा फोटोही पाठवला होता. त्याचं उत्तर मी वाचलं. ‘अंकलजी, ये तो ग्यारह हैं. बारहवाँ शब्द जल्दी भेजिए.’

मी तेव्हा जे बोलले ते बापाशी बोलायचं बोलणं नव्हतं. तुमची अक्कल कुठे गहाण पडली होती, इथपासून सुरुवात केली. बाबाही चढले. हा शब्द खाल्ला कुणी, मी तर बाराच वाचले होते, लिहिताना लक्ष कुठे असतं हिचं! शब्द उतरवले त्या दिवशी अ‍ॅपने पडताळा म्हणून पहिले दोन शब्द विचारले होते, ते जुळले, म्हणून कागद तसाच कपाटात गेला होता.

ऑफिसातल्या एका संगणकवाल्या सहकाऱ्याला मी फोन लावला. एकच शब्द कमी असेल तर शब्दांची यादी ठरलेली असते, म्हणाला, जाणकार माणूस संगणकाला कामाला लावून तो शोधू शकतो. किती वेळात? ते त्याला सांगता येईना. आता मला ग्रुपमधला तो ‘मदतनीस’ कुठेतरी बसून आमच्या आधी दार उघडताना दिसायला लागला. मी हाताला लागतील ते इंग्रजी शब्द टाकत होते, अ‍ॅप प्रत्येक वेळी चूक म्हणत होतं.

आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर. ती हळूच म्हणाली, “टोमॅटोनंतर तुम्ही मला वेट म्हणाला होता. मी थांबले.”

बाबांना काही कळलं नाही. मला कळायलाही क्षणभर लागला. एरवीही बाबा असंच बोलतात, वेट, वेट, लिहू नकोस. त्या दिवशी यादीतला शब्दच ‘वेट’ होता. बाबांनी तो वाचला, आईने हात उचलला, आणि ते पुढचा शब्द म्हणेपर्यंत ती मुकाट थांबून राहिली.

टोमॅटोच्या पुढे मी ‘वेट’ घातला, थांबण्याचा. दार उघडलं. पैसे होते! मी लगेच ते सगळं बाबांच्या दुसऱ्या, क्रिप्टो विकून रुपये करायच्या खात्यात हलवायला घेतलं; तिथे हे बारा शब्द चालत नाहीत. ‘प्रक्रिया चालू’ असं लिहून येत होतं आणि आम्ही दोघं फोनकडे डोळे लावून बसलो होतो. जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला हसू फुटलं आणि रडूही.

मग मी आईवर घसरले. अगं, तासभर आम्ही डोकं फोडून घेतोय, तुला माहीत होतं तर आधी नाही सांगायचं?

“मला कुणी विचारलं?” आई म्हणाली. रागाने नाही, नेहमीच्याच आवाजात. गुडघ्यांवरचे हात तिने हलवले नाहीत. “शुक्रवारचंही नाही विचारलं. मला फार भीती वाटते गं त्या ऑपरेशनची.”

बाबा चष्मा हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. ऑपरेशन ठरून दोन महिने झाले होते. तारीख, डॉक्टर, खोली, खर्च, सगळं आम्ही दोघांनी भांडून भांडून ठरवलं होतं.