साखळीगीत आणि डोळ्यांचा तक्ता

या किश्शाचे आमच्या घरी तीन पाठ उपलब्ध आहेत. सुनेच्या पाठात मी खलनायक, शेजाऱ्यांच्या पाठात निव्वळ विदूषक. तिसरा पाठ माझा. आणि खेदाने सांगतो, मुख्य घटनेबाबत तिन्हींत काडीचाही फरक नाही!

माझी पाच वर्षांची नात मीरा टीव्हीला नाक लावून बसे. "शाळेत घालायच्या आधीच डोळं दाखवायला पायजे हुतं, आबा," सून म्हणे. मी म्हणे, पोरं बसतातच तशी! शेवटी सुनेला सुट्टी मिळेना, म्हणून मंगळवार पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे मीच मीराला घेऊन गेलो.

बाहेरच्या बाकावर बसताच मीराला रडू फुटले. "आबा, मी नापास झाले तर?"

आता सांगा, कोणत्या आजोबाला हे सोसेल? दार उघडे होते. आतली मुलगी तक्त्यावरची चित्रे मोठ्याने ओळखत होती. मी ती टिपली आणि तिथल्या तिथे साखळीगीत रचले: 'घरात मासा, माशाला छत्री, छत्रीवर तारा, ताऱ्याखाली बदक.' मीराने दोनदा ऐकून मुखोद्गत केले. मौखिक परंपरेचे इतके शुद्ध संक्रमण मी लोकगीते गोळा करत गावोगाव फिरूनही पाहिले नव्हते!

आत गेलो. डॉक्टरबाईंनी तिचा डावा डोळा झाकला. "घर, मासा, छत्री, तारा, बदक!" मग उजवा झाकला. तेच, तितक्याच झोकात.

"झकास हाय की!" म्हणत बाईंनी तक्त्याचा दिवा बंद केला. मी मिशीत हसलो.

मीरा मात्र थांबलीच नव्हती. काळ्या पडलेल्या तक्त्याकडे बघत ती तिसऱ्यांदा म्हणत होती, "घर, मासा, छत्री..."

बाईंचे पेन हवेत राहिले. "बाळा, कुठं दिसतंय हे?"

"दिसत न्हाय. आबांनी शिकवलंय."

नवा तक्ता लागला. उजवा डोळा पुन्हा झाकला गेला. सर्वांत वरचे चित्र तळहाताएवढे. मीराने मान पुढे काढून पाहिले.

"काय न्हाय दिसत," ती हळूच म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. "ह्यो डोळा आळशी पडलाय, आबा. आज असंच घरी गेला असता म्हंजे?"

"उशीर... झाला का?" मी विचारले.

"न्हाय. पोर लहान हाय, सुधारंल. पर गाण्यानं न्हवं!"

त्यांनी चष्म्याचा नंबर लिहिला, आळशी डोळ्याला कामाला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगितली आणि त्याच कागदावर खाली ठळक अक्षरांत लिहिले: 'पुढच्या तपासणीला आजोबा बाहेर बसतील.'