पांढऱ्या साडीवरचा रंगीत हलवा

"बोलू नगं गं, काटा बुजंल!" हलव्याच्या परातीपाशी कुणी तोंड उघडलं की मावशी डोळे वटारायच्या. स्वतः मात्र अखंड बोलायच्या. त्यांच्या आवाजाची म्हणे काट्याला सवय होती!

भिंगारला त्या आमच्या शेजारी राहायच्या. तुम्ही हलवा होताना कधी पाहिलाय? खाली मंद निखारे, परातीत खसखस, वरून चमचा चमचा पाक आणि बोटं सारखी फिरती. तासन्‌तास हेच. मग एकदम दाण्यांना काटे फुटतात. तेव्हा मावशी "आला! आला!" असं ओरडायच्या की गल्ली गोळा व्हायची. मीही शाळेच्या वह्या टाकून धावायची.

गावातल्या कितीतरी नव्या सुनांचे संक्रांतीचे दागिने त्यांच्या हातचे. पण मावशी विधवा. ते दागिने नवरीच्या अंगावर चढवायला त्यांना कधी कुणी बोलावलं नाही. दारात द्यायचे आणि परतायचं. मला याचा भारी राग यायचा.

मी लग्नाची झाले तेव्हा महायुद्धामुळे साखर रेशनवर होती. आम्ही ख्रिस्ती, माझं लग्न नाताळाच्या आठवड्यात ठरलं. केकवर पेरायला रंगीत हलवा कराल का, असं मावशींना विचारलं.

"लई झ्याक करते!"

शेजारच्या चार घरांनी आपापली साखर दिली. तीन दिवस भिंतीपलीकडून "आला! आला!" ऐकू येत होतं आणि मी इकडे नाचायची बाकी होते.

लग्नाच्या सकाळी मावशी धापा टाकत आल्या. फडकं सोडलं, तर आत गुलाबी, हिरव्या, केशरी हलव्याचा हार, बांगड्या, बाजूबंद, बिंदी! सगळा हलवा दोऱ्यात गुंफलेला.

"अहो मावशी, केकवर पेरायचा होता!"

"केक नवरी हाय व्हय? हलवा नवरीनं घालायचा असतुया."

मी हसून हसून बेजार. पण माझ्या लग्नाच्या पांढऱ्या साडीवर ते रंग काय खुलणार होते! मी हात पुढे केला. मावशी मागे सरकल्या.

"मी न्हाई. सवाशिणीला बोलीव."

"तुम्हीच घालायचे. नाहीतर मी अशीच जाते चर्चमध्ये."

बाहेर टांगा तयार, आई हाका मारतेय, आणि मी हात पुढे करून उभी. मला तर वाटलं, आता या पळून जातात.

त्यांनी पदराला हात पुसले. पाकाने पोळलेल्या त्या बोटांनी माझा हात धरला. पहिली बांगडी चढवताना दोन दाणे गळले. ते त्यांनी वेचून तोंडात टाकले आणि रडत रडत म्हणाल्या, "ग्वाड झालाय गं."

केक कोराच कापला. मावशी जाऊन आता कैक वर्षं झाली. माझ्या लग्नात कोण कोण आलं होतं ते मला आठवत नाही, पण बांगड्या चढवून झाल्यावरही त्यांनी माझे हात कितीतरी वेळ सोडले नव्हते, ते अजून आठवतं.