वेळेवर बंद पडलेली गाडी

हे लिहू की नको, यात दोन महिने गेले. अनुभव सांगायचा म्हणजे आधी स्वतःची लबाडी सांगावी लागते, आणि दत्तभक्त म्हणवणाऱ्या माझ्यासारख्याला ते जडच जातं.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी टर्बो गाडी घेतली. वेगवान गाडीची हौस तरुणपणापासूनची. "देऊळ चालत पंधरा मिनिटांवर आहे, तिथे जायला एवढी पळणारी गाडी कशाला?" असं बायकोने विचारलं होतं. मी ऐकलं नाही. डॅशबोर्डवर दत्ताची छोटी मूर्ती बसवली आणि पहिले तीन आठवडे हवेतच होतो. मग एकदा वारज्याच्या पुलावर इंजिनातून खटखट ऐकू आली. मेकॅनिकने कान लावला आणि म्हणाला, "काका, आतून गेलंय. आधीच्या मालकाने घट्ट ऑइल घालून आवाज दाबला होता. तुम्हीही तेच करा आणि विकून टाका." मी आधीच्या मालकाला मनसोक्त शिव्या घातल्या आणि त्याच संध्याकाळी घट्ट ऑइल घालून घेतलं. घरी येऊन देवापुढे हात जोडले, म्हटलं, महाराज, एवढं पार पाडा. काय पार पाडायचं ते त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. खराडीत नोकरी करणारी एक मुलगी आणि अमरावतीहून आलेले तिचे वडील. त्याआधी मूर्ती काढून ठेवावी असं वाटलं होतं. पण मूर्ती पाहून लोक विश्वास ठेवतात हेही कळत होतं, म्हणून राहू दिली. सांगायला लाज वाटते, पण देवालाच दलाल केलं मी. आणि झालंही तसंच. वडिलांनी वाकून नमस्कार केला आणि मुलीला म्हणाले, "दत्ताचे भक्त हायेत हे. आता जास्त पाहाचं काम नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं इथं. शुक्रवारी तिले याच गाडीनं घरी नेतो."

हायवेवर भर वेगात इंजिन जाम झालं तर काय होईल, हे न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो. तरी तोंड उघडलं नाही. मुलगी स्टिअरिंगवर बसली, गाडी सुरू केली. इंजिन मिनिटभर छान चाललं, मग आत काहीतरी जोरात आपटलं आणि सगळं थांबलं. तिने पुन्हा किल्ली फिरवली. नुसतं टक.

"बॅटरी उतरली असंन," वडील समजुतीने म्हणाले. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणणारही होतो. तोंडातून निघालं ते भलतंच. "बॅटरी नाही. इंजिन गेलंय. मला माहीत होतं."

मुलगी खाली उतरली. "काका, गाडी बंद पडली नसती तर सांगितलं असतं तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. इतकं खरं मी देवापुढेसुद्धा कधी बोललो नव्हतो.

वडिलांनी गाडीचं दार लावून घेतलं आणि म्हणाले, "राग तर आला भाऊ. पण घरचं माणूस वाचलं, आता काय भांडाचं तुमच्यासंग?" बायकोने वरून चहाला बोलावलं आणि ते आले, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. निघताना मुलीला म्हटलं, पोचलात की कळव.

मेकॅनिक म्हणतो, घट्ट ऑइलवर गाडी अजून महिनाभर सहज चालायला हवी होती. मी वाद घालत नाही. इंजिन खोललंय, होईल दुरुस्त; नाही झालं तर पाय आहेत. शरण जाणं म्हणजे आपला बेत महाराजांच्या हवाली करायचा आणि तो पार पडायची वाट बघायची, असंच मी इतकी वर्षं समजत होतो. त्यांनी माझं मागणं ऐकलं नाही, हे त्यांचे उपकार.

ती मंडळी शुक्रवारी रेल्वेने गेली. शनिवारी सकाळी मी पूजेला बसणार तोच मुलीचा मेसेज आला, "काका, आईला घेऊन नीट पोचलो." मला उभ्याउभ्याच रडू फुटलं. बायको घाबरून बाहेर आली, म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "सगळे पोचले."